न टाकलेला चेंडू

सकाळी मी मरणारच होतो, पण टेम्पोवाल्याला घाई होती. घरासमोरचा रस्ता ओलांडत मी मधोमध आलो आणि वळणावरून तो रिकामे क्रेट खडखडवत आला, आणि मी थांबलो. हात, पाय, मान, सगळं जिथल्या तिथं. टेम्पो माझ्या कोटाच्या बटणांना वारा घालून गेला. त्याच्या आरशात मला माझंच नाक दिसलं, आणि हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचंच असतं तर नाकावरचा तीळही दिसला म्हटलं असतं. पलीकडे किराणावाला शटर वर ढकलत होता. त्याचे हात तसेच वर राहिले. "काका, काय धीर हो तुमचा! जागचे हलला नाहीत!" आणि माझं तोंड लगेच सुरू झालं. मी म्हणालो, अरे, समोरच्याला आपण नक्की कुठं आहोत ते कळलं पाहिजे, आपण हललो की तो गोंधळतो. तरुणपणी माझ्यावर रेल्वेचं इंजिन चाल करून आलं होतं, मी असाच उभा राहिलो, शेवटी ड्रायव्हरच खाली उतरून माफी मागून गेला. तो खो-खो हसला, मीही हसलो, पावाची पिशवी घेतली आणि परत आलो. वर गॅलरीत ही कपडे वाळत घालत होती. तिच्या हातात माझाच ओला शर्ट होता, आणि तो ती झटकत नव्हती, नुसती धरून उभी होती. मी दारात चपला काढतोय तोवर ती आत आली आणि एवढंच म्हणाली, "अहो, पाय का नाही उचललेत?"

मी इंजिनाची गोष्ट काढली. ती म्हणाली, "ते खाली सांगा. मी वरून बघत होते. तो येताना तुम्ही थांबलात ते ठीक. पण तो गेला तरी तुम्ही तिकडंच बघत होता, जिथून आला तिकडं. गेला कुठून ते तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही उभे नव्हतात, बंद पडला होतात." आणि चहा ठेवायला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही गोष्टीवर ती हसलेली नाही आणि एकाही गोष्टीबद्दल तिनं मला खोटं म्हटलेलं नाही. तिचं हे वागणं मला नेहमीच थोडं धोक्याचं वाटत आलंय. चहा समोर आला आणि तेव्हा कुठं मला भीती वाटली. भीती टेम्पोची नव्हती. टेम्पो गेला होता. भीती अशी होती, की ती म्हणाली ते मी आधी कुठंतरी पाहिलं होतं. ते डोळे. चेंडू विकेटकीपरच्या ग्लोव्हजमध्ये जाऊन धप्पकन वाजलेला असतो, आणि फलंदाजाचे डोळे अजून खेळपट्टीवर, जिथं तो आपटला तिथंच असतात. मी ते डोळे दोन मोसम दुर्बिणीतून बघितले होते, बघून मान डोलावली होती, आणि दुपारी निवड समितीच्या खोलीत जाऊन त्याच डोळ्यांची तारीफ करणार होतो.

डोळे लंब्याचे. लंब्या म्हणजे आमच्या मैदानावरचा सलामीचा फलंदाज. सध्या ज्याच्या नावाशिवाय कोणाचा चहा संपत नाही तो. पुढच्या महिन्यात संघ परदेशी निघायचा होता, तिथं त्यांचे दोन गोलंदाज आहेत जे यष्ट्यांकडं बघतसुद्धा नाहीत, गळ्याकडं बघतात. आणि सलामीची एक जागा रिकामी होती. समितीला आकडे द्यायला दुसरे लोक आहेत. माझं काम बघण्याचं. गोलंदाजामागच्या पांढऱ्या साइटस्क्रीनच्या कडेला खुर्ची टाकायची, बघत राहायचं, आणि अमका बाहेर टिकेल की नाही ते समितीला तोंडी सांगायचं. आणि लंब्याबद्दल मी सांगितलंही होतं, समितीलाच काय, भेटेल त्याला. कबुतराची गोष्ट माझीच. लंब्या खेळत असताना एक कबुतर त्याच्या हेल्मेटवर येऊन बसलं. गोलंदाज धावत आला, आखूड टप्प्याचा चेंडू उसळून नाकासमोरून गेला, लंब्याचं डोकं हललं नाही, कबुतरही हललं नाही. पुढच्या षटकात कबुतरानं तिथं काड्या आणल्या, आणि चहापानाला लंब्याला हेल्मेट काढता येईना, कारण आत अंडं. कबुतर आलं होतं हे खरं. साइटस्क्रीनवर बसलं होतं. बाकीचं त्याचं तेच वाढत गेलं. पण गोष्टीतलं डोकं मात्र खरं होतं. आमच्या धंद्यात न हलणाऱ्या डोक्यापुढं आम्ही सगळे हात जोडतो. ज्याचं डोकं स्थिर तो चेंडू शेवटपर्यंत बघतो, जो शेवटपर्यंत बघतो तो न खेळता सोडू शकतो, आणि जो आखूड चेंडू इतक्या शांतपणे नाकासमोरून सोडतो तो कुठंही टिकतो. असं आम्ही एकमेकांना इतके दिवस सांगत आलोय, की त्या न हलण्याचं दुसरं काही कारण असू शकेल हे आमच्यातल्या कोणाच्या मनात आलंच नसतं. माझ्याही आलं नसतं. सकाळी पावाला गेलो नसतो तर.

मैदानाकडं जाताना मी एकही रस्ता ओलांडला नाही. उजव्या हाताची भिंत सोडायची नाही असं ठरवून चालत राहिलो. कापडाच्या दुकानांवरून, दवाखान्यावरून, शाळेच्या मागच्या गल्लीतून, जिथं ओल्या खडूचा वास येतो तिथून. दहा मिनिटांची वाट, तासभर लागला. चालताना लंब्यानं सोडलेले सगळे चेंडू एकामागून एक आठवत होते आणि त्यातला प्रत्येक आता वेगळा दिसत होता. खरा सोडणारा फलंदाज हात खाली घेतो, चेंडूबरोबर त्याची मान वळते, निघालेल्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसे डोळे त्याला पोचवून येतात. लंब्याचे हात जिथं असतील तिथं राहायचे. मान वळायची, पण धप्प झाल्यावर. आवाज ऐकून. मग तो कीपरकडं बघून किंचित हसायचा आणि आम्ही म्हणायचो, बघा, काय निवांत आहे पोरगा! मला शाळेच्या भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. आत कोणीतरी पाढे म्हणत होतं.

मैदानावर सराव चालू होता. नेटमध्ये लंब्या आणि समोर मामा. हा लंब्याचा सख्खा मामा. बहीण गेल्यावर भाच्याला त्यानंच वाढवलं. टोकाला खोबण असलेला एक लांब दांडा असतो, त्या खोबणीत चेंडू अडकवून फेकला की हातानं टाकल्यापेक्षा दुप्पट वेगानं जातो. असे चेंडू मामा वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ फेकत आला होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली लोंबतो; जेवताना घास तोंडाकडं नेण्याऐवजी तो तोंडच घासाकडं नेतो. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं पुढं, बॅटजवळ टाकलेले चेंडू लंब्या असे काही टोलवत होता की जाळी शिट्टी मारत होती. मग मामानं मनगट खाली दाबलं. मनगट दाबलं की चेंडू आखूड पडणार, हे नेटमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. चेंडू आपटून लंब्याच्या कानाजवळून गेला. लंब्या उभा. मामा अभिमानानं म्हणाला, "बघितलंत काका? तिकडं जाऊन हेच करायचंय त्याला."

"मामा," मी म्हणालो, "एक रिकामा फिरवा."

"म्हणजे?"

"चेंडू लावू नका. मनगट दाबा तेवढं. गंमत."

"तुमची गंमत म्हणजे ना काका, कोणाच्या तरी हेल्मेटात अंडं निघतं," मामा हसत म्हणाला; पण चेंडू त्यानं डाव्या मुठीत लपवला, तीन पावलं धावला आणि रिकामा दांडा फिरवला. दांड्यानं हवा कापल्याचा आवाज झाला. आणि लंब्या थांबला. हात, पाय, मान, सगळं जिथल्या तिथं. डोळे खेळपट्टीवरच्या त्या जागी, जिथं काहीच आपटलं नव्हतं. आवाजाची वाट बघत होता. आवाज आला नाही. मग थोड्या वेळानं, आता वळायला हवं म्हणून वळल्यासारखी त्याची मान वळली, त्यानं मागच्या जाळीकडं बघितलं, किंचित हसला आणि म्हणाला, "बाहेर होता."

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यानं डावी मूठ उघडून चेंडूकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता चेंडू खोबणीत बसवला आणि पुढचा चेंडू पुढं टाकला. त्याच्यापुढचाही पुढंच. मला आमच्या जुन्या घरातली वडिलांची खोली आठवत होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका डोळ्यात भिंग, टेबलावर काचेच्या झाकणाखाली उघडी पडलेली घड्याळं, आणि मी काहीतरी सांडलेलं असायचं. त्यांनी मला आयुष्यात एकदाही मारलं नाही. नुसता हात उचलायचे. तो हात वर गेला की माझं सगळं थांबायचं आणि मी त्या हाताकडं नाही, तो निघाला होता त्या टेबलाच्या कडेकडं बघत राहायचो. एकदा मारलं असतं तर किती लागतं ते कळलं असतं, आणि जे कळलंय ते तेवढंच असतं. मला ते कधीच कळलं नाही, म्हणून ते वाढत गेलं. आणि अशाच एका वेळी, सगळं बंद पडलेलं असताना, माझं तोंड आपोआप सुरू झालं. म्हणालो, बाबा, ती स्प्रिंग मी नाही सांडली, ती उडी मारून पळाली, मी तिला जिन्यापर्यंत हाका मारल्या. हात वरच राहिला, भिंगामागचा डोळा हसला, हात खाली आला. तेव्हापासून तोंड आणि भीती यांच्यामध्ये मी कुठं असतो ते मला सांगता येत नाही. लोक म्हणतात, काका गप्पा मारतात. मी गप्पा मारत नाही. माझ्यावर काहीतरी येत असतं.

सराव संपल्यावर लंब्या सामानाच्या खोलीत आला. तिथं पॅडना घामाचा आणि खोलीला भिजलेल्या चटईचा वास असतो. मी आधीच जाऊन बाकावर बसलो होतो. त्यानं दार लोटलं, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि पट्टा बोटांना गुंडाळत राहिला.

"काका, चेंडू नव्हता ना?"

"नव्हता."

"मला मामाच्या तोंडावरून कळलं. तुम्ही सांगितलंत त्याला?"

"हो. तुला काहीच दिसत नाही?"

"मनगट दिसतं. मग नाही. मग एकदम आवाज येतो आणि सगळे टाळ्या वाजवत असतात." तो हसला, तेच किंचित हसू, आणि मला वाटलं की हे हसू बंद करायला कुठं बटण असतं तर बरं झालं असतं. "मला कधी लागलेलाच नाही काका. एकदासुद्धा. सगळ्यांना कुठंतरी लागतं. मला वाटतं लागला असता तर गेलं असतं हे. आता तर रोज मोठं होतंय."

"मामाला सांग."

"त्याचा खांदा बघितलाय तुम्ही?" त्यानं पट्टा बोटांवरून सोडवला. "तुम्ही सांगा ना वर. मी सांगितलं तर घाबरट ठरेन. जागा गेली तरी चालेल, पण मी सोडली असं नको. तुम्ही नको म्हणालात तर झालं. म्हणा की याला अजून वर्षभर थांबवा. मी तेवढ्यात कोणाकडून तरी... शिकेन, लागून घेईन, काहीही करेन. पण तिकडच्या त्या दोघा गोलंदाजांसमोर मला आत्ता पाठवू नका. तुमचं ऐकतात ते." त्यानं माझं मनगट धरलं. उन्हातून आलेल्या माणसाचा हात इतका थंड असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "काका, एकदम सरळ सांगा हं. कबुतरं नकोत."

"कबुतरं नाहीत," मी म्हणालो.

समितीची खोली वरच्या मजल्यावर आहे. लांब काच, काचेखाली मैदान, कोपऱ्यात एकात एक घातलेल्या खुर्च्या. अध्यक्ष पूर्वी फिरकी टाकायचे. त्यांच्या बोटांना अजून सतत काहीतरी फिरवायला लागतं, त्या दिवशी पेनाचं टोपण होतं. शेजारी जुना विकेटकीपर, ज्याचं एकही बोट सरळ नाही. तिसरा टॅबलेट घेऊन बसलेला आकडेवाला. जिना चढताना मी वाक्य पाठ केलं होतं. लंब्याला नेऊ नका, आखूड चेंडू त्याला दिसत नाही. एवढंच. यात विशेषणसुद्धा नव्हतं.

"या काका. लंब्याचं सांगा आणि आम्हाला जेवायला सोडा," अध्यक्ष म्हणाले.

"लंब्याला नेऊ नका. आखूड चेंडू त्याला दिसत नाही."

टोपण थांबलं. तिघांनी माझ्याकडं बघितलं. कीपर म्हणाला, "काहीतरीच काय काका! मी त्याच्या मागं उभा राहिलोय सरावात. तो चेंडू सोडतो तेव्हा मला झोप येते, इतका निवांत."

"तो सोडत नाही. तो बंद पडतो. आज सकाळी मामांनी रिकामा दांडा फिरवला. चेंडू नव्हताच. यानं तोही सोडला."

मग आकडेवाल्याच्या नाकातून आवाज निघाला. "न टाकलेला चेंडू सोडला?"

"सोडला. वर म्हणाला, बाहेर होता."

आणि तिघेही फुटले. कीपर टेबलावर आपली वाकडी बोटं आपटत होता. आकडेवाला म्हणाला, "मग वाइड दिलात की नाही, काका?" अध्यक्षांनी हसता हसता हात वर केला, नुसता, आता पुरे या अर्थी, आणि तो वर गेलेला हात मी बघितला आणि माझं सगळं जिथल्या तिथं थांबलं. मी टेबलाच्या कडेकडं बघत होतो. तिथं लाकडाचा एक ढलपा निघालेला होता. आणि माझं तोंड सुरू झालं. मी ते ऐकलं. दुसऱ्या कोणाचंतरी ऐकावं तसं. तोंड म्हणालं, "नाहीतर काय! आणि मामाला म्हणतो कसा, पुढचा जरा आत टाका, हा फारच बाहेर होता!"

अध्यक्षांचा हात खाली आला. ते डोळे पुसत होते. "काका, कबुतराला मागं टाकलंत तुम्ही!"

"थांबा," मी म्हणालो, "शेवटचं मी जोडलं. आधीचं खरं आहे. मामाला बोलवा." कीपरनं हसणं थांबवून पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. मामाला बोलावलं. तो दारात, लोंबता खांदा चौकटीला टेकवून उभा राहिला.

"मामा," अध्यक्ष म्हणाले, "काका म्हणतायत, आज लंब्या तुम्हाला म्हणाला की पुढचा जरा आत टाका. म्हणाला का?"

मामानं माझ्याकडं बघितलं. इतका वेळ बघितलं की त्याच्या डोळ्यांत मला सकाळची मूठ, चेंडू, जाळी, सगळं दिसलं. "नाही साहेब," तो म्हणाला. "असं काही म्हणाला नाही." ते खरंच होतं. पुढचं कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

"मामा, दांडा रिकामा होता ते सांगा," मी म्हणालो. पण मामा खाली बघत होता, आणि अध्यक्षांनी माझ्या हातावर हात ठेवला होता. "काका, जीव घाबरतो आपला. असं होतं. आपण घडवलेलं पोरगं लांब निघालं की असं होतं."

"मी घाबरलोय. त्याच्या डोक्यात चेंडू बसेल. तो हलणार नाही."

"न हलणाराच तर हवाय," कीपर मायेनं म्हणाला. आकडेवाल्यानं टॅबलेटवर लंब्याच्या नावापुढं बोट टेकवलं. तेवढाच आवाज झाला.

खाली पोचलो तेव्हा लंब्याला कळलेलं होतं. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि प्रत्येक थापेबरोबर तो थोडा पुढं जाऊन परत जागेवर येत होता. गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ आला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सरळ?"

काही सुचलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्यानं मान हलवली, समजुतीनं, आणि माझी दुर्बिणीची पिशवी स्वतःकडं घेतली. मामानं कोणाचीतरी गाडी मागून आणली होती, ती रस्त्याच्या पलीकडे लावली होती. काकांनाही घरी सोडतो म्हणाला होता, माझ्याकडं न बघता. आम्ही फाटकातून बाहेर आलो आणि फुटपाथच्या कडेला उभे राहिलो. भर दुपार. दुकानांची शटरं अर्धी खाली. ऊन रस्त्यावर सांडून वाळलं होतं. एक कागदी पिशवी मधोमध पडली होती, तीही हलत नव्हती. वळणापर्यंत काहीही नव्हतं, वळणापलीकडूनही काही ऐकू येत नव्हतं.

पलीकडून मामानं काच खाली केली. "या की! मोकळा आहे रस्ता!"

लंब्याची बोटं माझ्या कोपराभोवती आवळली. मी वर बघितलं. त्याचे डोळे वळणावर होते. माझेही तिथंच गेले. माझा उजवा पाय फुटपाथच्या कडेवरून अर्धा बाहेर आला होता आणि तसाच राहिला होता. मामानं हॉर्न वाजवला. तो आवाज ऐकून, थोड्या वेळानं, लंब्याची मान वळली.

"गेली का, काका?"

"गेली," मी म्हणालो. "बाहेरून गेली."

मामा पुन्हा हॉर्न वाजवत होता. आम्ही दोघं तिथंच उभे होतो, अगदी स्थिर, आणि फाटकातून बाहेर पडणारं कोणीतरी कौतुकानं म्हणालं, बघा, निवड झाली तरी पोरगं किती शांत आहे.